वाळूतली निळी रेघ

दोन ठिकाणचं पाणी एकत्र आलं की ते मिसळतंच, असं मला एम.टेक.ला येईपर्यंत वाटत होतं. बादलीत गरम पाणी घेतलं, त्यात गार ओतलं, झालं. त्यामुळे माझ्या गाइड मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं की जमिनीखाली वाळूतून वाहणारं पाणी लांबच लांब शेजारी शेजारी जातं आणि तरी एकमेकांत फारसं मिसळत नाही, तेव्हा मी मान हलवली खरी, पण मनात म्हटलं, असं कसं होईल? विचारायचं धाडस झालं नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. समोरच्याला मध्येच थांबवून विचारायचं कसं, हे मला अजूनही नीटसं जमत नाही.

मॅडम मूळच्या कोलकात्याच्या. माझ्याशी त्या हिंदीत बोलतात, कारण माझी इंग्रजी ऐकताना त्यांना माझ्यापेक्षा जास्त त्रास होतो. माझं पटलेलं नाही हे त्यांना कळलं असावं. त्यांनी काचेच्या पेल्यात दोन द्रावणं ओतली. दोन्ही पाण्यासारखीच, फार तर किंचित पिवळसर. एकात लोखंडाचा क्षार होता, दुसऱ्यात वेगळाच एक क्षार. एकत्र येताच पेला गडद निळा झाला. आई पांढऱ्या कपड्यांना घालते त्या निळीसारखा.

"गिलास में एक सेकंड," मॅडम म्हणाल्या. "अब यही चीज रेत में करके दिखाओ. फिर बात करेंगे."

हाच माझा प्रकल्प झाला.

आमच्या प्रयोगशाळेत एक चपटी काचेची टाकी आहे. दुकानातल्या शोकेससारखी उभी, दोन हात लांब आणि जाडी जेमतेम दोन बोटं. तिच्यात बारीक पांढरी वाळू भरायची. वाळूच्या कणांमधल्या पोकळ्या शुद्ध पाण्याने भरायच्या. मग डावीकडून वरच्या अर्ध्या भागात लोखंडाचं द्रावण आणि खालच्या अर्ध्या भागात दुसरं द्रावण, दोन्ही एकदम, अगदी सावकाश सोडायची. दोन्ही उजवीकडे वाहत जातात. वाटेत वाळूचा प्रत्येक कण पाण्याला थोडं वर, थोडं खाली वळवतो. मिसळणं होतं ते तेवढंच, ढवळणारं कोणी नसतं. दोन्ही द्रावणं जिथे भेटतात तिथेच निळा रंग तयार होतो आणि तिथल्याच वाळूला चिकटून बसतो. निळा पट्टा जितका रुंद, तितकं मिसळणं जास्त. पट्टा मोजायचा, फोटो काढायचा, टाकी धुऊन काढायची, वाळू बदलायची, पाण्याचा वेग बदलायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. एका खेपेला चार-पाच दिवस जात.

हे कशासाठी, ते मॅडमनी सांगितलं तेव्हा मात्र मला लगेच पटलं. कचऱ्याच्या डोंगराखालून घाण पाणी जमिनीत झिरपतं. ती घाण खाऊन टाकणारे जीवाणू जमिनीतच असतात, त्यांना लागणारा प्राणवायू शेजारच्या स्वच्छ पाण्यात असतो. पण दोन्ही पाणी भेटल्याशिवाय त्यांना काही करता येत नाही. म्हणजे सगळं काम त्या मधल्या रेघेवर चालतं. ती रेघ किती रुंद, एवढाच माझा प्रश्न.

डिसेंबरात विभागात परीक्षण होतं. त्यात माझं काम नीट दिसलं तर मॅडम मला पीएच.डी.ला घेणार होत्या. तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणि मी ते घरी सांगून बसले होते. आई शाळेत खिचडी शिजवते. तिने ते तिथल्या बाईंना सांगितलं. पप्पांचं पंक्चरचं दुकान बसस्टँडच्या समोर आहे, त्यामुळे तिथे कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत तालुक्याला कळते.

आता त्या बादल्यांबद्दल सांगायला हवं.

लातूरच्या पुढे आमचं गाव. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. घरात पाणी एकदाच वापरून टाकून देतात हे मी लहानपणी बघितलेलंच नाही. तांदूळ धुतलेलं पाणी भाजीला किंवा आमटीला. हात-तोंड धुतलेलं पाणी भांडी विसळायला. भांड्याचं पाणी फरशीला, आणि फरशीचं उरलं तर दारातल्या कढीपत्त्याला. पप्पांच्या दुकानात पंक्चर शोधायच्या घमेल्यातलं पाणी तर इतके दिवस टिकतं की त्याला आम्ही घरातला माणूस म्हणायचो. इथे दिल्लीत, मुनिरकातल्या भाड्याच्या खोलीतही माझी हीच सवय. तिथे बोअरचं पाणी इतकं जड की नळाच्या तोंडाला पांढरी खपली धरते आणि चहावर साय आल्यासारखं दिसतं. म्हणून घरमालकाने पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलंय. ते यंत्र एक तांब्या पाणी देतं आणि तीन तांबे नळीतून फेकतं. ती नळी मी बादलीत सोडून ठेवते. खोलीत माझ्यासोबत एक ताई राहते. सांगलीकडची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, नागरी सेवा परीक्षेचा तिसरा प्रयत्न चाललेला. ती म्हणते, "कलेक्टर झाले की तुला पाणीपुरवठा खात्यात बसवते. तू जिल्ह्याला एका बादलीत भागवशील."

तर प्रयोग संपला की टाकी शुद्ध पाण्याने धुवावी लागे. पहिलं रंगीत पाणी टाकाऊ द्रावणांच्या कॅनमध्ये जाई. नंतरचं, स्वच्छ दिसणारं, सोडून द्यायचं असे. टाकीच्या उजव्या बाजूला वर आणि खाली अशा दोन तोट्या होत्या. वरच्या तोटीची नळी सरळ सिंकमध्ये जायची. खालच्या तोटीखाली मात्र बादली मावायची. शुद्ध पाण्याचे कॅन आम्ही खालच्या मजल्यावरून उचलून आणतो, ते बनवताना किती पाणी थंड करायला वाहून जातं ते मी पाहिलं होतं. आणि इथे काचेसारखं दिसणारं पाणी सिंकमध्ये चाललेलं. मला बघवेना. मी बादली लावली. पुढच्या खेपेला नवी वाळू भिजवायला आणि टाकी भरायला तेच पाणी वापरलं. त्याच्या पुढच्या खेपेला पुन्हा तेच. द्रावणं बनवायला मात्र नेहमी ताजं शुद्ध पाणी घेत होते, इतकी अक्कल होती. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच वाटलं नाही. तांदळाचं पाणी आमटीला घातलं हे कोणी सांगत बसतं का?

पाच वेग ठरले होते. मी सगळ्यात कमी वेगापासून सुरुवात केली आणि चढत गेले. पहिल्या खेपेला निळी रेघ दोऱ्यासारखी आली. मी टाकीसमोर उभी राहून बघतच बसले. वर पिवळसर, खाली पिवळसर आणि मध्ये एक निळा दोरा, दोन हात लांब. मॅडम म्हणाल्या होत्या ते खरंच होतं. दुसऱ्या खेपेला दोऱ्याच्या वर फिकट निळं धुकं दिसलं. तिसऱ्या खेपेला धुकं बोटभर. पाचव्या वेगाला चार बोटं.

मी आलेख काढला. वेग वाढला की पट्टा रुंद होतो. रेषा सरळ वर गेलेली, इतकी सुंदर की मला स्वतःलाच हेवा वाटला.

मॅडमनी तो आलेख दोनदा बघितला, चष्मा काढून पुन्हा बघितला. पुस्तकातलं गणित सांगतं, की वेग बदलला तरी पट्ट्याची रुंदी जवळपास तेवढीच राहायला हवी. वेगात मिसळणं जोरात होतं, पण तितकंच पाणी लवकर निघूनही जातं, त्यामुळे हिशेब बरोबरीत सुटतो. माझा आलेख त्याच्या उलट बोलत होता.

"ये तो कमाल है," त्या म्हणाल्या. "तुमने कुछ अलग तो नहीं किया ना?"

"नाही मॅडम," मी म्हटलं, आणि ते मी अगदी मनापासून म्हटलं होतं.

त्यांनी आलेखाचा सारांश एका परिषदेला पाठवून दिला. मला त्या दिवशी त्यांनी स्वतःच्या डब्यातला संदेश, म्हणजे बंगाली मिठाई, दिला. मी तो अर्धा खाल्ला आणि अर्धा ताईसाठी कागदात बांधून आणला.

परीक्षणाला चौदा दिवस उरले होते. मॅडमना पाचव्या वेगाचा एक चांगला, स्वच्छ फोटो हवा होता, म्हणून ती खेप पुन्हा करायची ठरली. शनिवारी मी टाकी धुऊन नवी कोरडी वाळू घालून ठेवली आणि प्रयोगशाळेतल्या चाचाजींना म्हटलं, "चाचाजी, तेवढं पाणी भरून ठेवाल का? मला बाहेर जायचंय."

चाचाजी हरियाणातले, निवृत्तीला आलेले. प्रयोगशाळेच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात. "जा, जा," ते म्हणाले. "पानी ही तो भरना है."

बाहेर म्हणजे सरोजिनी नगरच्या कपडेबाजारात. परीक्षणाला घालायला माझ्याकडे धड कुर्ता नव्हता. ताई सोबत आली, कारण मला घासाघीस जमत नाही. दुकानदाराने सांगितलेला आकडा मी निमूटपणे मान्य करते. ताईने एका फिकट हिरव्या कुर्त्यावर अशी काही वाटाघाट केली की दुकानदार शेवटी म्हणाला, "मॅडम, आप वकील हो क्या?" ताई म्हणाली, "अभी नहीं. पर तुम्हारी दुकान का लायसन्स कल मेरे पास ही आएगा." तो हसला आणि त्याने ओढणी फुकट दिली. आम्ही मोमो खाल्ले. दिवस एकूण छान गेला.

सोमवारी मी खेप सुरू केली. मंगळवारी दुपारी टाकीसमोर गेले तर आत दोरा. नुसता दोरा. धुकं नाही, बोटं नाहीत. पाचवा वेग, सगळ्यात जास्त, आणि रेघ पहिल्या दिवसाइतकी बारीक.

मला वाटलं पंप बिघडला. वेग मोजला, बरोबर होता. द्रावणं तपासली, बरोबर होती. मग मी चाचाजींना विचारलं, "तुम्ही पाणी कुठलं भरलंत?"

"नया कॅन खोला, बेटा. और कहाँ से भरता?"

"आणि माझ्या बादल्या?"

"वो? फेंक दिया सब. कब से पडा था. मच्छर हो जाते." त्यांनी हात झटकले. "बाल्टियाँ भी धो दी हैं, देख ले. चमका दी."

खरं सांगायचं तर आधी मला रडूच आलं ते पाणी फेकलं म्हणून. चार बादल्या. शुद्ध पाणी. मी त्यांच्याशी जरा जोरातच बोलले, "चाचाजी, ते चांगलं पाणी होतं." ते गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. आणि ते वाक्य माझ्याच कानांवर पडलं तेव्हा कुठे मी स्वतःला विचारलं. चांगलं होतं? कशावरून?

सिंकजवळ एक मग होता. वाळू भिजवायला मी तोच वापरायची. चाचाजींनी तो धुतला नव्हता, तळाशी जुनं पाणी घोटभर राहिलं होतं. मी त्यात लोखंडाच्या द्रावणाचा एक थेंब टाकला.

निळं झालं.

चाचाजी वाकून बघत म्हणाले, "ये तो जादू है."

जादू काही नव्हती. खालच्या तोटीतून येणारं पाणी म्हणजे खालच्या अर्ध्या भागातलं, आणि त्यात तिथला क्षार विरघळलेला असणारच. डोळ्यांना दिसत नव्हता इतकंच. ते पाणी मी सबंध टाकीत भरत होते, वरच्या भागातही. मग वरून लोखंडाचं द्रावण आलं की त्याला सगळीकडे तोच क्षार आधीपासून बसलेला भेटे, आणि रेघेच्या वरही निळं धुकं पसरे. दर खेपेला बादल्यांत क्षार थोडा वाढत गेला. वेगही मी दर खेपेला वाढवत गेले. धुकं वाढलं ते बादल्यांमुळे, आणि मी श्रेय वेगाला दिलं. जे मिसळणं मी मोजत होते ते वाळूतलं नव्हतंच. ते मी स्वतःच्या हाताने आधीच मिसळून ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी मी मेट्रोने न जाता पायी निघाले. मनात एक वाईट विचार आला होता, तो लपवत नाही. ही शेवटची खेप फक्त मी बघितलेली. चाचाजींना निळा दोरा आणि निळं धुकं यातला फरक माहीत नव्हता. एक बादली क्षार घालून पुन्हा भरली असती तर मॅडमना हवा तसा फोटो मिळाला असता, परीक्षण झालं असतं, पीएच.डी. मिळाली असती. मुनिरकाच्या गल्लीत शिरेपर्यंत मी हे तीन वेळा मनात करून पाहिलं.

ताईला सगळं सांगितलं. ती पलंगावर पुस्तकांच्या मध्ये बसली होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "थांब, हे तर माझ्या नीतिशास्त्राच्या पेपरातलंच आहे." मग पेपर वाचल्यासारख्या आवाजात, "एका विद्यार्थिनीला आपल्या संशोधनात चूक आढळते. वरिष्ठांना माहीत नाही. तिच्यापुढे कोणते पर्याय आहेत? अडीचशे शब्दांत लिहा."

"ताई, मस्करी नको ना यार."

"मस्करी कुठे? या प्रश्नात पर्याय नेहमी चार असतात आणि त्यातले तीन फक्त जागा भरायला असतात." तिने पेनचं टोपण लावलं. "तू पायी आलीस ना? मेट्रो असताना? म्हणजे तुझं ठरलंय, तू फक्त घाबरलीयस. सकाळी लवकर जा. दहानंतर तुझा पाय मागे येईल, तुला ओळखते मी."

आईचाही फोन आला. मी तिला सांगणार नव्हते, पण तिने जेवलीस का विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. अगदी सोपं करून, बादल्यांपासून. मला वाटलं ती माझी बाजू घेईल. पाणी वाचवायला तिनेच शिकवलं होतं.

ती म्हणाली, "अगं, तांदळाचं पाणी आपण भांड्याला घेतो. भांड्याचं पाणी कधी तांदळात घातलंय का मी?"

"नाही."

"मग? पाणी पुढं जातं, मागं येत नसतं. एवढी इंजिनियर झालीस आणि खरकटं पाणी शिजवायला घेतलंस?" आणि मग, "तुझ्या बाईला सांगितलंस का?"

"उद्या सांगते."

"सांग. रागावली तर रागावू दे. खिचडी लागली की मी पण हेडमास्तरांना आधीच सांगते. पोरांनी तोंड वाकडं करायच्या आत."

सकाळी नऊला मी मॅडमच्या दारात उभी होते. त्या यायच्या होत्या. त्या आल्या, कुलूप काढलं, आणि त्यांनी पर्स ठेवायच्या आधीच मी बोलायला लागले. आधी इंग्रजीत सुरू केलं, ते अडलं, मग हिंदीत, मध्येच मराठी आली. बादली, मग, थेंब. त्यांनी मला एकदाही थांबवलं नाही. त्यामुळे मी उगीचच पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"नोटबुक लाई हो?" एवढंच त्यांनी विचारलं.

मी वही दिली. दुसऱ्या खेपेपासून प्रत्येक पानावर कोपऱ्यात मी मराठीत लिहिलेलं होतं, 'जुनं पाणी, बा. १', 'जुनं पाणी, बा. २', असं. घरी टाकीत किती पाणी शिल्लक आहे ते आम्ही भिंतीवर खडूने लिहितो, तशी सवय. मॅडमनी त्याचा अर्थ विचारला. मी सांगितला. त्यांनी पान उलटलं, पुढचं उलटलं. मग चष्मा काढून डोळे चोळले आणि मला दिसलं की त्या हसतायत, पण पूर्ण नाही, अर्ध्या.

"छुपाया भी नहीं. लिख के रखा है, मेरी नाक के नीचे. मराठी में." त्यांनी वही बंद केली. "गलती मेरी भी है. मैंने पूछा था कुछ अलग किया क्या, ये नहीं पूछा कि पानी कहाँ से आया."

मग त्या गंभीर झाल्या. परिषदेला सारांश गेला होता. तो परत घ्यावा लागणार. "वो चिट्ठी तुम लिखोगी. साइन मैं करूँगी. आज."

पीएच.डी.बद्दल त्या काही बोलल्या नाहीत, आणि मी विचारलं नाही.

ती चिठ्ठी लिहायला मला अर्धा दिवस लागला. दुपारी ताईला फोन केला तर तिने तोंडी मसुदा सांगितला, तो इतका सरकारी होता की त्यात 'उपरोक्त विषयान्वये' इंग्रजीतही ऐकू येत होतं. शेवटी मी चार साधी वाक्यं लिहिली. आम्ही चुकलो, कुठे चुकलो, ते हे, सारांश परत घेत आहोत. मॅडमनी एक स्वल्पविराम हलवला आणि सही केली.

पुढचे दिवस मी आयुष्यात कधी केलं नाही इतकं काम केलं, आणि गंमत म्हणजे मला ते आवडलं. मॅडमनी शेजारच्या प्रयोगशाळेतून तशाच आणखी दोन टाक्या मिळवून दिल्या. तिन्ही एकाच वेळी चालायच्या. या वेळी वेगांचा क्रम चढता ठेवला नाही. चाचाजींनी पाच चिठ्ठ्या केल्या, टोपीत टाकल्या आणि दर खेपेला एक काढली. "लॉटरी," ते म्हणायचे, आणि मोठ्याने आकडा वाचायचे. दर खेपेला नवा कॅन. टाकी भरली की सुरू करायच्या आधी उजवीकडून चमचाभर पाणी काढून त्यात थेंब टाकून बघायचा. निळं झालं नाही तरच पुढे. धुतलेलं पाणी सिंकमध्ये जाताना मी पहिले दोन दिवस पाठ करून उभी राहायची. चाचाजी माझ्याकडे बघून म्हणायचे, "गया. गया. अब मुड जा."

पाच वेग, पाच रेघा. पाचही दोऱ्यासारख्या. एकाशेजारी एक फोटो ठेवले तर कोणता कुठल्या वेगाचा हे मलाही सांगता आलं नसतं. जुन्या आलेखातली सुंदर रेषा आता आडवी पडली होती, पुस्तकात असते तशी.

परीक्षणाला मॅडम धरून तीन जण होते. मी हिरवा कुर्ता घातला होता. मी आधी जुना आलेख दाखवला, मग वहीतल्या त्या मराठी नोंदींचा फोटो, मग नवा आलेख. इंग्रजी पाठ केली होती, तरी दोनदा अडखळले. बाहेरून आलेले एक ज्येष्ठ सर होते. त्यांनी दोन्ही आलेख बघितले आणि म्हणाले, "म्हणजे तुमचा पहिला निष्कर्ष रंजक होता, पण चूक. दुसरा बरोबर आहे, पण आम्हाला आधीच माहीत होता."

"हो सर," मी म्हटलं.

सगळे हसले. मीही हसले, मग वाटलं हसायला नको होतं.

"मग या कामातून तुम्ही नवं काय मिळवलंत?"

याचं उत्तर मी पाठ केलेलं नव्हतं. मी म्हटलं, "सर, अजून काहीच नाही. पण आम्ही टाकीत शुद्ध पाणी भरतो. जमिनीखाली शुद्ध पाणी नसतं. तिथे आधीपासून कोणाचं तरी पाणी असतं, त्यात काहीतरी विरघळलेलं असतं. माझ्या चुकीच्या खेपांमध्ये तसंच झालं होतं. किती विरघळलेलं होतं ते मी मोजलं नव्हतं, म्हणून ते काही कामाचं नाही. पण मोजून केलं तर..." इथे इंग्रजी संपली. मी थांबले.

सरांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम वहीत काहीतरी लिहीत होत्या. "करू दे मोजून," सर म्हणाले, आणि पुढच्या विद्यार्थ्याला बोलवायला सांगितलं.

मी बाहेर बाकावर बसले. तासाभराने मॅडम बाहेर आल्या, चालता चालताच म्हणाल्या, "पीएच.डी. का फॉर्म शुक्रवार तक भरना है. गाइड की जगह मेरा नाम. स्पेलिंग सही लिखना, सब गलत लिखते हैं." आणि जिना उतरून गेल्या.

मी तिथूनच आईला फोन लावला. शाळा सुटायची वेळ होती, मागे पातेली घासल्याचा आवाज येत होता.

"मिळालं," मी म्हटलं.

"मिळालं?" तिने कोणाला तरी ओरडून सांगितलं, मग पुन्हा माझ्याशी, "म्हणजे अजून किती वर्षं?"

"चार. कदाचित पाच."

"आणि करायचं काय चार वर्षं? इथं बाई विचारतायत."

मी सोपं करून सांगायचा विचार केला. "वाळूतून पाणी जातं ना, ते किती मिसळतं ते मोजायचं."

तिने बाईंना सांगितलं. तिकडे काहीतरी बोलणं झालं. मग आई परत फोनवर आली.

"बाई म्हणतात, मिसळतं का मग?"

"फार नाही मिसळत, आई."

"बरं," आई म्हणाली. "मग लागतील चार वर्षं."